कडू पेल्याच्या तीन तारखा

१

तिसरी बाटलीही कोरी आली. लॅबवाल्या बाईंनी ती माझ्या टेबलावर अशी आदळली, जणू आतले जंतू मीच पळवलेत.

"पाच दिवस उबेत ठेवली. रोज डोकावून पाहिलं. काहीही उगवलं नाही. डॉक्टरबाई, तुमच्या त्या खुर्चीवाल्या मास्तरांच्या रक्तात जंतू नाहीत. मान्य करा आणि मोकळ्या व्हा."

"आहेत," मी म्हटलं. "आपण रक्त काढायच्या आधी कुणीतरी ते मारतंय."

"मग चांगलंच आहे की! मारू दे."

"पुरते मारत नाही ना! अर्धमेले करून सोडतंय. तुमच्या बाटलीत ते उगवत नाहीत आणि त्या माणसाच्या हृदयातून हलतही नाहीत."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. आमची पंचवीस वर्षांची ओळख. मी उगाच बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण कबूल करायचं त्यांच्या जिवावर येतं.

"त्या घरातली माणसं विचित्रच आहेत," जाता जाता त्या पुटपुटल्या. "दर वेळी आदल्या दिवशी लॅबला फोन. सुई नक्की किती वाजता टोचणार? अहो, पाहुणे येणार आहेत का सुईला बघायला?"

मी हसले. तो फोन तिथंच नीट कानात साठवायला हवा होता. पण तेवढ्यात वॉर्डातून निरोप आला, की मास्तरांनी सलाइनची सुई उपटून फेकली आहे, आणि बायकोला समोरून निघून जायला सांगितलं आहे.

२

मास्तर खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवणारे कारागीर. वय सेहेचाळीस. दोन महिने ताप येतोय आणि जातोय, आठ किलो वजन उतरलं, जिना चढताना धाप. हृदयाला कान लावला की ठोक्याच्या मागे एक जादा फुसफुस ऐकू यायची, आणि गेल्या तीन दिवसांत ती वाढली होती. ते दाखलच झाले होते धाप वाढली म्हणून. मी बत्तीस वर्षं हृदयांना कान लावतेय. (माझा नवरा म्हणतो, घरातलं मात्र तुला एक अक्षर ऐकू येत नाही.)

मी गेले तेव्हा मास्तर पलंगावर ताठ बसले होते. तापाने डोळे लाल, पण आवाज दणदणीत.

"डॉक्टर, मला आता कुणाची सुई नको नि कुणाचं औषध नको. मला घरातून विष दिलं जातंय. कोण देतंय ते आधी कळू दे. तोवर मी हात पुढे करणार नाही."

"विष कशात?"

"फळांच्या रसात. रोज संध्याकाळी आणि सकाळी मी एक पेला घेतो. रोज गोड असतो. काही दिवशी कडू लागतो. मी गाढव नाही, तारखा लिहून ठेवल्यात."

उशीखालून त्यांनी मापाच्या खडूने लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा काढला. तीन तारखा होत्या. प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी रस कडू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही.

"रस कोण काढतं?"

"बायको. म्हणून तर तिला म्हटलं, माहेरी जा. बावीस वर्षांचा संसार, आणि..." एवढा भक्कम माणूस, भिंतीकडे तोंड करून बसला.

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. आदल्याच दिवशी मी त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी केली होती. डाव्या बाजूच्या झडपेला तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लोंबत होती आणि प्रत्येक ठोक्याला झेंड्यासारखी फडफडत होती. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर बायको माहेरी गेली काय आणि राहिली काय, मास्तरांना कळलंही नसतं.

"हात दाखवा," मी म्हटलं.

"सुई नाही ना?"

"नाही हो. नुसते डोळे."

३

नखांखाली बारीक तांबड्या-काळ्या रेघा होत्या, लाकडाची कुसळं रुतावीत तशा.

"हे हातोडीचं," मास्तर म्हणाले. "आमच्या धंद्यात बोटं ठेचायचीच."

"हातोडी कुठल्या हातात धरता?"

"उजव्या. डाव्याने कापड ताणायचं."

"आणि खिळे?"

"खिळे तोंडात." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा रुबाब आला. "पंधरा-वीस बारीक खिळे गालात भरायचे. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या तोंडाला लोहचुंबक असतं, त्याला चिकटवायचा आणि ठोकायचा. खिळा हातात घेणारा कारागीर कच्चा. मी दिवसभर खिळे तोंडात धरूनच बोलतो, गिऱ्हाइकांना सवय झालीय."

"म्हणजे ठेचलंच तर डावं बोट ठेचणार. मग या रेघा उजव्या हाताच्या नखांखाली कशा आल्या?"

मास्तरांनी उजवा हात डोळ्यांजवळ नेला. उलटा केला, सुलटा केला. कारागीर माणूस, कामातली चूक लगेच ओळखतो.

"हातोडी धरणारा हात कधी ठेचत नाही," ते हळूच म्हणाले.

"बरोब्बर. हे आतून आलंय. तुम्ही खुर्चीला आतून अस्तर लावता ना? तसं हृदयालाही आतून अस्तर असतं. तुमच्या अस्तराला जंतू चिकटलेत. तिथून रक्तात शिंतोडे उडतायत, ते नखांत येऊन अडकतात. आता तोंड उघडा."

खालची एक दाढ किडून अर्धी झाली होती आणि तिच्याभोवतीची हिरडी बोट लावताच रक्ताळली. जंतूंना आत यायला दरवाजा सताड उघडा होता, आणि मास्तर रोज खिळ्यांनी त्याला धक्का देत होते.

"पण धडधाकट अस्तराला हे जंतू सहसा चिकटत नाहीत," मी म्हटलं. "तिथे आधीची इजा लागते. लहानपणी काही मोठं दुखणं?"

"छे! झाडावरून पडलो होतो सात वर्षांचा असताना, तेवढंच. दोन महिने झोपून होतो. गुडघा सुजला होता. मग घोटा. मग गुडघा उतरला आणि मनगट सुजलं."

"झाडावरून एकदाच पडलात ना?"

"एकदाच की."

"झाडावरून पडलेल्याचे सांधे पाळीपाळीने सुजत नाहीत, मास्तर. तुम्ही झाडावरून पडलाच नव्हतात."



४

बाहेर बाकावर तिघं बसली होती. मी एकेकाला माझ्या खोलीत बोलावलं.

आधी बायको आली. हातात पिशवी, कपडे भरलेले. माहेरी निघालेली बाई, पण पाय निघत नव्हता.

"रस मीच काढते," ती म्हणाली. "त्यात साखरसुद्धा घालत नाही. काढून झाकून ओट्यावर ठेवते आणि देवपूजेला, नाहीतर आंघोळीला जाते. हे खाली कारखान्यात असतात. कधी दीर नेऊन देतात, कधी नणंद. डॉक्टर, मला विष घालायचंच असतं, तर बावीस वर्षं थांबले असते का? लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात यांनी चादरीत खिळे आणले होते, तेव्हाच घातलं असतं."

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग ती एकदम रडायलाच लागली.

"यांचं लहानपणचं दुखणं काय होतं?" मी विचारलं.

"झाडावरून पडले होते. लग्नाआधी सासूबाईंनीच सांगितलं होतं."

नंतर धाकटा भाऊ आला. मास्तरांपेक्षा चार वर्षांनी लहान, कारखान्यात लाकूडकाम बघतो. आत येतानाच घामाघूम. मी नुसतं बघितलं तर म्हणाला, "फाइल मीच नेली होती."

"कुठली फाइल?"

"दादाची. जुन्या रिपोर्टांची. परवा घरी शोधत होते ना सगळे? मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला नेली होती. तुमच्यावर विश्वास नव्हता, माफ करा."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, त्या बाई म्हणतील तसं करा."

माझा त्या अनोळखी डॉक्टरांबद्दलचा आदर एकदम वाढला. "रसात तुम्ही काही घालता?"

"मी? अहो, दादाने मला हातोडी धरायला शिकवलं. शाळेत सोडायला तोच यायचा. चालत. मी पळत पुढे जायचो, तो नाही. ताई त्याला कधी पळूच द्यायची नाही. मला म्हणायची, जा पळ. त्याला म्हणायची, तू माझा हात धर."

हे वाक्य मी उचलून बाजूला ठेवलं.

५

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, भावांच्याच घरी राहते. कडक घडीची साडी, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. खुर्चीत बसण्याआधी तिने माझ्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"हे तीन मिनिटं मागे आहे," ती म्हणाली.

"असू दे. रोग्यांना बरं वाटतं. ताई, तुमचा संशय कुणावर?"

"हे काय विचारणं झालं? रस जी काढते तिच्यावर. त्याचं वजन बघा, हाडं दिसायला लागली. मी या मुलाला हातावर वाढवलाय, डॉक्टर. मी वीस वर्षांची होते, तो सात. दोन महिने मी त्याच्या उशाशी बसून काढले."

"झाडावरून पडला तेव्हा?"

तिने साडीचा काठ सारखा केला. "हो. झाडावरूनच."

"कुठलं झाड होतं?"

"चाळीस वर्षं झाली. झाड कोण लक्षात ठेवतं?"

बाकी सगळं लक्षात ठेवणारी बाई झाड विसरली होती. मी तिला निरोप दिला आणि टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले: मास्तरांचा पुठ्ठा, घरी लिहिलेला तापाचा तक्ता आणि लॅबची वही.

पुठ्ठ्यावरच्या तीन तारखा म्हणजे तीनही वेळा रक्त काढायच्या आदला दिवस होता. आणि दर वेळी कडू रसानंतर ताप उतरला होता. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढला होता.

विष प्यायल्यावर ताप उतरतो? असलं विष मिळालं तर मी डझनभर बाटल्या मागवून ठेवीन. पेल्यात विष नव्हतंच, औषध होतं, जंतू मारणारं. देणारा त्या माणसाच्या जिवावर उठलेला नव्हता. त्याचा जीव वाचावा म्हणून धडपडत होता, आणि त्या धडपडीनेच त्याला मृत्यूच्या दारात नेऊन उभं करत होता.

पण मग रोज का नाही? फक्त सुईच्या आदल्या दिवशीच का?

उत्तर लॅबवाल्या बाईंनी सकाळीच माझ्या टेबलावर आदळलं होतं. बाटलीबरोबर.

६

मी तिघांना मास्तरांच्या खोलीत नेलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं नाही. ती दाराशीच उभी राहिली.

"उद्या पुन्हा रक्त घ्यावं लागणार," मी म्हटलं. "कुणाला काही विचारायचंय?"

"फार दुखेल का यांना?" बायको म्हणाली.

"रिपोर्ट कधी मिळेल?" भाऊ म्हणाला.

"किती वाजता घेणार?" ताई म्हणाली. "नक्की वेळ सांगा."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "ताई, लॅबला दर वेळी फोन तुम्हीच केलात. बाकीच्यांना दुखण्याची काळजी, रिपोर्टची काळजी. तुम्हाला एकटीला वेळ हवी. कारण औषध वेळेवर द्यायचं आहे. काय ते दाखवा आता."

मग ताईने पिशवी उघडली. आतल्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं एक जुनं कार्ड काढलं आणि कॅप्सूलची एक पट्टी. कार्डाच्या घड्या चिकटपट्टीने जोडलेल्या होत्या. कुणा जुन्या डॉक्टरांचं तिरकं अक्षर होतं. मी मोठ्याने वाचलं.

"'सांध्यांच्या तापाने हृदयाच्या झडपेस इजा. दात काढताना किंवा रक्त येईल अशा कोणत्याही प्रसंगी आधी हे औषध द्यावे. विसरू नये.'"

"विसरले नाही मी," ताई म्हणाली. "आईने जाताना हे माझ्या हातात दिलं. दर वर्षी नवीन पट्टी आणते, जुनी फेकते. एकदा त्याचा दात काढला तेव्हा ताकदीची गोळी म्हणून दिली. आता दर वेळी रक्त काढायचं म्हणाले. रक्त येणारच की! कार्डावर लिहिलंय तसंच केलं. जरा जास्तच दिलं, रात्री आणि सकाळी. काळजी म्हणून."

"रसात घालून?"

"उघड दिलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं त्याने. आईला वचन दिलं होतं, त्याला कळू द्यायचं नाही. मुलगा मनाने खचेल म्हणायची. आणि मग लग्न ठरलं. झडपेचं कळलं असतं तर मुलगी कोण देणार होतं?"

"ते कार्ड जुन्या काळचं आहे," मी म्हटलं. "आणि दात काढण्यासाठी आहे. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात, म्हणून आधी औषध. दंडाची सुई तशी नसते. तिथे आम्ही जंतूच शोधत होतो, ताई, आणि आम्ही यायच्या आधीच तुम्ही घर धुऊनपुसून लख्ख करत होतात."

ताईला ते कळायला दोन क्षण लागले. कळलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. "म्हणजे दोन महिने मीच...? माझ्याच हाताने?"

मास्तर तिच्याकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडून स्फोटाची वाट पाहत होते.

"मला पळायचं होतं गं, ताई," ते म्हणाले. "शाळेत सगळे शर्यत लावायचे. मला वाटायचं, मीच भित्रा आहे."

ताई ढसाढसा रडली. मुख्याध्यापिका, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, सगळं बाजूला राहिलं. रडत रडत तिने दाराकडे पाहिलं.

"आणि तुझ्यावर आळ घेतला मी. तुला आधी सांगितलं असतं, तर केलं असतंस लग्न?"

बायकोने कपड्यांची पिशवी खाली ठेवली. "जेवताना गालात खिळे विसरणारा नवरा चालवून घेतला, ताई. एक झडप काय जड होती मला?"

आधी भाऊ फिसकन हसला. मग मास्तर. हसताना त्यांना धाप लागली, आणि मला घड्याळाची आठवण झाली.

"रडणं-हसणं नंतर," मी म्हटलं. "मास्तर, विष घालणारं कोण ते कळलं. तुम्ही दाखल झाल्यापासून घरचा रस घेतलेला नाही, औषध अंगातून गेलंय, ताप एकशे दोन आहे. इतका चांगला मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही. हात पुढे करा."

"उद्या म्हणालात ना?"

"खोटं बोलले. आत्ता."

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. "बस ना इथे," म्हणाले. ती पलंगावर बसली. मग त्यांनी हात पुढे केला.

७

तीन वेगवेगळ्या जागांवरून, मध्ये वेळ सोडून, तीनदा रक्त घेतलं, आणि शेवटची बाटली भरताच औषधाची सलाइन सुरू केली. आता थांबायची चैन परवडणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबवाल्या बाई स्वतः जिना चढून आल्या. "उगवलं," म्हणाल्या. "तिन्हीत. एकच जंतू. तोंडात राहणारा, एरवी अगदी साळसूद."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हणा आता आठवडाभर," त्या म्हणाल्या, पण मिठाई खाल्ल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

नाव कळलं की अर्धी लढाई संपते. त्या जंतूला नेमकं लागू पडणारं औषध चार आठवडे शिरेतून दिलं. पाचव्या दिवशी ताप गेला तो गेलाच. गाठ आकसली, तुकडा कुठे सुटला नाही, झडप गळते पण काम करते. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. ताई रोज यायची, आणि सलाइनची बाटली बदलायची वेळ झाली की नर्सच्या आधी तीच उठायची. नर्सने तक्रार केली. मी म्हटलं, राहू द्या, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला बरोबर वेळ मिळालीय.

घरी जाण्याच्या दिवशी मी दाढ काढून घ्यायची तारीख दिली आणि नवीन कार्ड लिहायला बसले. एकदा हा रोग झालेल्या माणसाला दात काढण्याआधी औषध खरोखरच लागतं. जुन्या कार्डातलं तेवढं खरं ठरलं होतं.

मी लिहिलं: दात काढण्याआधी औषध द्यावे. रक्त तपासण्याआधी देऊ नये. विनाकारण ताप आला तर आधी रक्त, मग औषध. खिळे वाटीत ठेवावेत.

"वाटीत?" मास्तर ओरडले. "कच्चा कारागीर म्हणतील मला!"

"जिवंत कारागीर म्हणतील," बायको म्हणाली.

मी कार्ड पुढे केलं. सवयीने ताईचा हात उचलला गेला. मग तिला आठवलं. तिने हात मागे घेतला आणि भावजयीकडे पाहिलं. भावजय मास्तरांकडे बघत होती.

मास्तरांनी कार्ड घेतलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, दोनदा वाचलं. मग ताईच्या हातातलं जुनं कार्डही मागून घेतलं, दोन्ही एकत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, डाव्या बाजूच्या.

"चाळीस वर्षं सांभाळलंस, ताई," ते म्हणाले. "आता माझं मला सांभाळू दे."

आणि बायकोच्या हातातली कपड्यांची पिशवी घेऊन ते लिफ्टकडे न जाता जिन्याकडे वळले. ताईचं तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला.

"हळू उतर!" एवढंच ती म्हणाली.